सरावाला एक बौद्ध बाई

केलेब आमच्या घरात आला आणि शेल्फावरची बुद्धाची मूर्ती बघून त्याला जो आनंद झाला, तसा आनंद अमेरिकेत, मिशिगनमधल्या आमच्या ॲन आर्बर गावात त्या मूर्तीकडे बघून आजवर कुणालाच झाला नव्हता. इथल्या मराठी मंडळातली माणसं आली की त्यांची नजर मूर्तीवर जाते, तिथून बाजूच्या बाबासाहेबांच्या फोटोवर जाते, आणि मग त्यांचा चहा फार लवकर संपतो. केलेबचं तसं नाही. तो चोवीस वर्षांचा, पिवळ्या दाढीचा, चर्चच्या कॉलेज ग्रुपचा प्रमुख. बूट दारात काढून तो सरळ मूर्तीपुढे उभा राहिला.

"तुम्ही खरेखुरे बौद्ध आहात?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"डुप्लिकेट कुठे मिळतात?" मी विचारलं.

तो मनापासून हसला. मग म्हणाला, "मिसेस गजभिये, तुम्ही आमची फार मोठी अडचण सोडवू शकता."

अडचण अशी होती. माझी मुलगी अनया युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला. रूममेटच्या नादाने या ग्रुपात जायला लागली, आणि गेल्या नाताळात तिने आम्हाला जेवता जेवता सांगितलं की ती आता येशूला मानते. या उन्हाळ्यात आठ जणांची टीम सहा आठवड्यांसाठी थायलंडला निघाली होती. तिथल्या एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवायचं, आणि शिकवता शिकवता जमेल तितक्यांना येशूकडे न्यायचं. त्यासाठी दर गुरुवारी चर्चच्या तळघरात तयारी चालायची. एकाने बौद्ध व्हायचं आणि बाकीच्यांनी त्याच्याशी बोलून बघायचं.

"पण आमच्यात बौद्ध होतो जेसन," केलेब म्हणाला, "आणि जेसन टेक्ससचा आहे. दोन मिनिटांत पटतं त्याला सगळं."

माझा नवरा अरुण सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. तो मराठीत म्हणाला, "काहून? पंचिंग बॅग पाहिजे का यांना?"

"बाबा, प्लीज," अनया म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

मी म्हटलं, "येते मी."

मी का हो म्हटलं ते मला एकटीलाच ठाऊक होतं. आदल्या दिवशी प्रिंटरमध्ये एक कागद राहिला होता. टीममधल्या प्रत्येकाला तीन मिनिटांची साक्ष पाठ करावी लागते: येशू भेटण्याआधी मी कशी होते, तो कसा भेटला, आणि आता कशी आहे. केलेबने ती पास करायची, मग निघण्याच्या आधीच्या रविवारी अख्ख्या चर्चसमोर म्हणायची, आणि पुढे थायलंडमध्ये भेटेल त्याला ऐकवायची. अनयाच्या कागदावर पहिल्याच ओळीत होतं: मी अंधारात वाढले. आमच्या घरात आशा नव्हती. माझे आईवडील एका मूर्तीपुढे मेणबत्ती लावायचे आणि ती मूर्ती कधी उत्तर द्यायची नाही.

कागद मी घडी करून ओव्हनखालच्या खणात ठेवला. तिला काही बोलले नाही. धर्म बदलू नकोस असं तिला म्हणायला मला तोंडच नव्हतं. नाताळात मी बोलायला गेले तेव्हा ती म्हणाली होती, "आई, तुझ्या आजोबांनी बदलला ना? मग मी का नाही?" बरोबर होतं पोरीचं. आमचं घरच धर्म बदलून उभं राहिलेलं. पण ही ओळ ती माझ्या तोंडावर म्हणू शकते का, एवढं मला बघायचं होतं. शाळेतल्या पोरांसमोर, अनोळखी माणसांसमोर ती म्हणणारच होती. मग आधी माझ्यासमोर म्हणू दे.

गुरुवारी मी मेसमधली शिफ्ट संपवून तशीच गेले. युनिव्हर्सिटीच्या मेसमध्ये मी सूप आणि भाज्या बघते, त्यामुळे अंगाला कांद्याचा वास होता. तळघरात घडीच्या खुर्च्या, घरी केलेल्या कुकीज आणि अनयाखेरीज सात गोरीगोमटी, गोड पोरं. मी खरंच सांगते, गोड. दोघांनी उठून मला खुर्ची दिली. केलेबने माझ्या हातात कार्ड दिलं. त्यावर लिहिलं होतं: नोई, वय ४६, नूडल्सची गाडी चालवते, मृत्यूला घाबरते.

"मृत्यूला घाबरते हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"ते साधारण असतं," केलेब म्हणाला.

पहिली आली मॅकेन्ना. तिच्या हातात छापील प्रश्न होते. तिने दोन्ही हात जोडले, मान लववली आणि विचारलं, "नोई, मेल्यावर पुढच्या जन्मी तुमचं काय होईल याची काळजी वाटते का?"

"नाही. पुढचा जन्म नसतो."

मॅकेन्नाने कागद उलटा करून बघितला. "पण तुम्ही बौद्ध आहात."

"म्हणूनच."

"बरं, मग मागच्या जन्मीच्या कर्मांचं ओझं?"

आता मात्र मला राहवलं नाही. नोईला बाजूला ठेवून मीच बोलले. "बाळा, मागच्या जन्मी पाप केलंत म्हणून या जन्मी गावाबाहेर राहा, आमच्या विहिरीला हात लावू नका, हे आमच्या लोकांना हजारो वर्षं ऐकवलं. कुणी ऐकवलं, तर ज्यांच्या घरात विहीर होती त्यांनी. ते ओझं माझ्या आजोबांनी नागपूरच्या मैदानात टाकून दिलं, छप्पन साली. ते आता तू थायलंडहून उचलून मला परत देऊ नकोस."

केलेब वहीत काहीतरी लिहीत होता. "हे कागदावर नाही," तो पुटपुटला. खरं तर थायलंडमधल्या लोकांचं कर्माबद्दल काय म्हणणं आहे ते मलाही माहीत नाही. पण त्यालाही नव्हतं, आणि विमानात तो बसणार होता.

मग केलेब म्हणाला, "अनया, तू साक्ष देऊन बघ. प्रश्न नकोत."

अनया माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसली. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कार्डाकडे. "हाय नोई," ती म्हणाली. "मला तुम्हाला माझी गोष्ट सांगायची आहे."

"सांग."

"मी..." ती थांबली. केलेबने मान हलवून धीर दिला. आणि तिने म्हटलं, बस चुकेल अशा घाईत म्हटलं, "मी अंधारात वाढले आमच्या घरात आशा नव्हती."

मी तिची आई म्हणून बोलायला तोंड उघडलं. पण कार्ड माझ्या हातात होतं आणि कार्डावर नोई लिहिलं होतं. मी नोई झाले.

"अरेरे," नोई म्हणाली. "फार वाईट झालं. तुला आई नव्हती का?"

"होती."

"काय करायची?"

"कामाला जायची. किचनमध्ये." अनयाचा आवाज खाली गेला. "सकाळी पाचला."

"आणि वडील?"

"ते मला शाळेत सोडायचे. दुपारी आई आली की आम्ही दोघी लायब्ररीत जायचो. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी दुसरीत होते, ती पण दुसरीचीच पुस्तकं घ्यायची. मी तिच्या स्पेलिंगवर लाल पेन मारायचे."

"मग अंधार केव्हा पडायचा?"

अनयाने नाक ओढलं. "पाच वाजता," ती म्हणाली. "डिसेंबरमध्ये. मिशिगन आहे ना."

आधी जेसन हसला, मग सगळेच. अनया हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही चाललं होतं. माझंही काही वेगळं नव्हतं. पण नोई अजून खुर्चीत होती आणि तिला एक शेवटचं विचारायचं होतं.

"तुम्ही इंग्रजी शिकवायला आलात ना?" नोई म्हणाली. "शिकवा. वही आणलीय मी."

मॅकेन्नाने केलेबकडे बघितलं.

"त्याचं काय आहे," केलेब म्हणाला, "इंग्रजी तर आपल्या सगळ्यांना येतंच."

"मलाही सूप पिता येतं," मी म्हटलं. "मेसमध्ये लागले तेव्हा करायला शिकावं लागलं. किती गुरुवार झाले तुमचे?"

"अकरा."

"त्यातले इंग्रजी कसं शिकवायचं याचे किती?"

केलेबने वही मिटली. म्हणजे ज्या नावावर व्हिसा काढला, ज्या नावावर त्या शाळेने दार उघडलं, त्याची एक तासाचीही तयारी नव्हती. अनया हळूच म्हणाली, "केलेब, त्या शाळेच्या प्रिन्सिपलना माहीत आहे का, की क्लास झाल्यावर आपण काय करणार आहोत?"

"आपण तिथे जरा जपून असतो," केलेब म्हणाला. "इंग्रजी हे दार आहे, अनया."

मी उठले. "माझ्या आजोबांनी धर्म बदलला तो भर दिवसा. लाखो माणसं बघत होती, पेपरवाले होते. व्याकरणाच्या तासाला गुपचूप कुणी त्यांचा धर्म बदलून घेतला नव्हता. तुमच्या येशूवर माझा राग नाही रे बाबा. तो माणूस तरी जे बोलायचं ते चौकात बोलला. तुम्ही मागच्या दाराने का जाता?"

केलेबचे कान लाल झाले. तो वाईट मुलगा नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

तो अनयाला एवढंच म्हणाला, की साक्षीत 'आधी' हा भाग लागतोच. तो नसेल तर साक्ष पास होत नाही आणि साक्ष नसेल तर टीममध्ये जाता येत नाही. अनया म्हणाली, "मला येशू भेटला हे खरं आहे. अंधार खोटा आहे. मी तो परत म्हणणार नाही." आणि तिने जाकीट उचललं.

गाडीत ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडली. "मला जायचंच होतं, यार आई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मनातून मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू? पोरगी घरी राहणार होती. कागद चुलीत गेल्यातच जमा होता.

पण माझीच मुलगी ती. घरी पोचायच्या आत, पार्किंगमध्येच बसून तिने त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला ईमेल लिहिलं: ही टीम क्लासनंतर धर्माचा प्रचार करते, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते, मी आता त्यांच्यात नाही, माफ करा. मी वाचलं आणि म्हटलं, पाठव. मला वाटलं, आता तिकडे मोठी खळबळ उडणार.

सकाळी उत्तर आलं. अनयाने ते मला न्याहारीच्या टेबलावर वाचून दाखवलं. पिम नावाच्या त्या बाईंनी लिहिलं होतं: "आम्हाला माहीत आहे. वेगवेगळे ग्रुप दहा वर्षांपासून येतात. मुलं गाणी म्हणतात, बिस्किटं खातात आणि घरी जाताना विहारात फुलं वाहतात. त्याने आम्हाला काही त्रास नाही. त्रास हा आहे की त्यांच्यातल्या एकालाही शिकवता येत नाही. तुला येतं का? येत असेल तर एकटी ये. राहायला खोली आहे, जेवण माझ्या घरी."

अरुण इतका हसला की त्याला चहाचा ठसका लागला. "मोठी निघाली होती थायलंड वाचवायला," तो मला म्हणाला. "त्यांना तुझी काही गरज नाही ना बाप्पा!"

मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण दुपारी, मेसमध्ये गाजरं चिरताना. टेबलावर मात्र माझ्या लक्षात आलं होतं, की आता नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण उरलं नाही. समोरच्या बाईने उघड्या दारातून बोलावलं होतं. पोरगी खोटं न बोलता जाणार होती, गळ्यात क्रॉस घालून जाणार होती, आणि तो क्रॉस मला आवडो न आवडो, तिचा होता.

"जाऊ?" अनयाने विचारलं.

"जा."

ती उठून खोलीत गेली आणि नवी वही घेऊन परत आली. "आई, तू कशी शिकलीस ते सांग. खरं सांग. पहिल्या दिवशी काय शिकवू? एबीसी?"

"एबीसी नको. पहिल्या दिवशी 'नो, थँक यू' शिकव. मला ते म्हणायला चार वर्षं लागली."

तिने लिहून घेतलं. मग पेन वर करून म्हणाली, "ओके. ॲण्ड देन?"

मी खुर्ची तिच्याकडे ओढली.