सामानापाशी कोण बसणार?

मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या अंगाला वास येतो तो डांबराच्या गोळ्यांचा आणि शेंगाच्या चटणीचा आहे. मी सतरंजी आहे. निळे-तांबडे पट्टे होते माझे. आता निळा कुठला आणि तांबडा कुठला, ते मलाही सांगता येत नाही. पण तुमच्या त्या घडी घालून काखेत मारायच्या प्लॅस्टिकच्या चटयांपेक्षा मी कितीतरी जास्त फिरले आहे. आणि फिरून पाहिलं काय म्हणाल, तर बहुतेक वेळा काहीच नाही! ते कसं, तेच सांगते.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. नळदुर्गच्या बाजूला विणकरांची एक सोसायटी होती. तिथल्या धोंडप्पा नावाच्या विणकरानं मला मागावर घेतलं. त्या दिवसांत सूत वेळेवर येत नसे, म्हणून मी कितीतरी दिवस अर्धवटच मागावर पडून होते. वाट बघायची सवय मला तिथंच लागली. सूत आलं की धोंडप्पा माझी वीण ठोकून ठोकून घट्ट करायचा आणि म्हणायचा, "हिच्यावर मान्सं बसनार हायेत, ढिली पडून चालायची न्हाय."

सोलापुरातल्या एका दुकानातून मला व्यंकटनं विकत घेतलं. व्यंकट सूतगिरणीत कारकून होता. घरात बायको उमाबाई, दोन पोरं आणि हरणाबाई आत्या. आत्या म्हणजे व्यंकटच्या वडिलांची बहीण. नळदुर्गजवळच्या एका वाडीत एकट्याच राहायच्या. दुष्काळात त्यांनी तलावाच्या बांधावर डोक्यानं माती वाहिली. ते काम संपल्यावर व्यंकट स्वतः जाऊन त्यांना घरी घेऊन आला. माणूस वाईट नव्हता हो तो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तुम्हाला त्याचा राग येईल. मला तर यायचाच!

व्यंकटला सहलींचं भारी वेड. सुट्टी आली की पहाटेची एस्टी धरून सगळे निघायचे. धाराशिवची लेणी झाली, हातलादेवीचा डोंगर झाला, येडशीचं रामलिंग झालं. प्रत्येक ठिकाणी पोचलं की आधी मला झाडाखाली अंथरायचं. माझ्यावर पिशव्या, स्टोव्ह, धपाट्यांचा डबा, दह्याचं गाडगं. मग व्यंकट कंबरेवर हात ठेवून म्हणायचा, "सामानापाशी कुणीतरी बसायला पाहिजे." सगळे एकमेकांकडं बघायचे आणि शेवटी आत्यांकडं.

"बसते की म्या," आत्या म्हणायच्या. "जावा तुमी."

झालं! गेले सगळे डोंगरावर. खाली राहिलो मी, आत्या आणि दह्याचं गाडगं. तुळजापुरात तेवढं असं झालं नाही. देवीच्या दर्शनाला सगळे आळीपाळीनं गेले, आत्यांनाही नेलं. मला याचं फार नवल वाटायचं. देवाला जाताना पाळ्या लागतात, मग डोंगरावर जाताना का लागत नाहीत?

आणि मित्रांनो, आत्यांना तर सगळंच बघायचं असायचं! खाली बसून त्या मान उंच करून बघायच्या. कोण चढतंय, कोण उतरतंय, वर वानरं किती आहेत. सगळे परत आले की त्यांचे प्रश्न सुरू. "लेनी कशी हाय रं? आत अंधार हाय का? मूर्ती बसल्याली हाय का हुबी?" आणि उत्तर काय, तर "लई भारी आत्या, वाढा आधी, भूक लागली." मी खाली अंथरलेली, माझे कान टवकारलेले. लई भारी म्हणजे काय ते मलाही कधी कळलं नाही.

पण आत्यांचा जीव खरा अडकला होता नळदुर्गच्या किल्ल्यात. किल्ल्यात नदीला आडवा दगडी बांध आहे. पाऊस चांगला झाला की त्यावरून दोन धबधबे कोसळतात. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. बांधाच्या पोटात एक खोली आहे, पाणी महाल. खिडकीत उभं राहिलं की पाणी समोरून पडतं. आत्यांची वाडी तिथून हाकेच्या अंतरावर, पण जन्मात किल्ल्यात जायला सवड कुठली?

व्यंकटनं आम्हाला तिथं पहिल्यांदा नेलं तेव्हा बांध कोरडा ठणठणीत. दुसऱ्यांदा नेलं तेव्हा पाणी होतं, पण आत्या आणि मी सामानापाशी. सगळे ओलेचिंब होऊन परत आले. आत्यांनी व्यंकटला विचारलं, "भिंतीवरनं पानी पडतंय, तर भिंतीच्या पोटातली खोली वल्ली हुत न्हाय व्हय रं? आमी दुस्काळात एवढी माती टाकली तळ्याच्या बांधावर, तरी दुसऱ्याच साली झिरपाया लागला."

"ओली का कोरडी, ते काय बघितलं नाही बुवा," व्यंकट म्हणाला.

आत्यांचं बोट माझ्या पट्ट्यावरून सारखं फिरत होतं. मला आतून इतकं भरून आलं की काय सांगू! पाणी काही दरसाल सांडत नाही. आत्यांचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. आणि 'मलाही यायचंय' असं म्हणायला त्या संकोचायच्या. भाच्याच्या घरी राहतोय, हे त्यांच्या मनातून कधी जायचंच नाही.

मग एका साली पावसानं मनावर घेतलं. बांध भरून सांडतोय अशी बातमी सोलापुरात आली आणि रविवारी आम्ही तिसऱ्यांदा नळदुर्गात. लांबूनच पाण्याचा आवाज येत होता. पोरं तर पळालीच. उमाबाई पदर खोचत म्हणाल्या, "आत्याबाई, सामान आहे हं तुमच्यापाशी!" आणि गेल्या.

आत्या बसल्या. पण त्या दिवशी एक नवल झालं. शेजारच्या झाडाखाली आणखी एक बाई तशाच पिशव्यांच्या गराड्यात बसल्या होत्या. कपाळावर भस्म, मांडीवर भाकरीचं गाठोडं. त्या आत्यांकडं बघून हसल्या.

"तुमालाबी ठिवलं का राखनीला?"

"व्हय की. नाव काय म्हनायचं?"

"रुद्रम्मा. लेकाच्या हापिसातली सगळी मान्सं आल्यात. म्या तीन डाव आले हितं. अजून पान्याचा थेंब बघितला न्हाय!"

आत्या माझ्यावरून उठल्याच. "मग असं करा अक्का, तुमी जाऊन या. दोन्ही सामान म्या बघते. तुमी आल्यावर म्या जाते."

"छ्या! आधी तुमी."

"न्हाय न्हाय, तुमी."

मित्रांनो, या तुम्ही-तुम्हीत इतका वेळ गेला की मला वाटलं, आता बसतात दोघी पुन्हा खाली. तेवढ्यात आत्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं एक टोक हातात घेऊन ओढून बघितलं. धोंडप्पाची वीण! कुठं हलतेय?

"अक्का," आत्या म्हणाल्या, "सामानालाच घिऊन जाऊ."

दोघींनी दोन्ही घरांच्या पिशव्या, डबे, स्टोव्ह माझ्या पोटात घातले. चारी टोकं गोळा करून दोन गाठी मारल्या. एक गाठ आत्यांच्या हातात, दुसरी रुद्रम्मांच्या. मी मध्ये झोळीसारखी. दह्याचं गाडगं तेवढं आत्यांनी काखेला मारलं. रस्त्यानं लोक थांबून बघायला लागले. "अहो बाई, काय घेऊन चाललात?" कुणीतरी विचारलं.

"संसार!" रुद्रम्मा म्हणाल्या आणि दोघी खिदळल्या.

पाणी महालाच्या अरुंद पायऱ्यांवर मी अडकले. वरून येणारे खोळंबले, खालून येणारे ओरडायला लागले. आत्यांनी पुढून ओढलं, रुद्रम्मांनी मागून ढकललं. स्टोव्ह माझ्या बरगड्यांत घुसला. पण हूं का चूं केलं नाही मी. इतकी वर्षं खाली पडून होते, आता थोडं सोसायला काय झालं?

आणि मग समोर खिडकी! खिडकीबाहेर पाणी, नुसतं पाणी, पांढरंशुभ्र. त्याची धार दिसत नव्हती, तुषारच तुषार. आवाज असा की बोललेलं ऐकू येईना. आत्यांनी मला खाली टेकवलं आणि पाण्याकडं बघायच्या आधी काय केलं असेल? भिंतीवर तळहात टेकवला. मग दुसरा टेकवला. मग गालसुद्धा.

"कोरडी हाय!" त्या ओरडल्या. "अक्का, कोरडी हाय गं भिंत! पोटातनं कोरडी हाय!"

मग त्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि रडल्या. तोंडावर तुषार उडत होते, म्हणून कुणाला कळलं नाही. पण मी त्यांच्या पायाशीच होते ना.

व्यंकट तिथंच होता. आत्यांना बघून त्याचा चेहरा उतरला. "आत्या! तुम्ही इथं? आणि सामान?"

"ह्ये काय. त्येलाबी बघायचं व्हतं," आत्या म्हणाल्या.

व्यंकट खाली माझ्याकडं बघत राहिला. वर जाताना माझी गाठ त्यानं आत्यांच्या हातातून घेतली.

पुढच्या सहलीला, रामलिंगला, तो आपणहून माझ्यावर बसला. वानरांनी त्याच्या डोळ्यांदेखत धपाट्यांचा डबा पळवला, आणि आत्या देऊळ बघून परत आल्या तर हा रिकाम्या हातानं झाडाकडं बघतोय! आत्या पोट धरधरून हसल्या. मग खाली बसून त्याला सगळं नीट सांगितलं. देऊळ कसं आहे, झरा कुठून येतो, पाणी कसं लागतं. व्यंकट भुकेल्या पोटी ऐकत राहिला.

आता आत्या नाहीत. मी माळ्यावर असते. ऊन द्या मला कधीतरी, कसर लागतेय. आणि मित्रांनो, तुम्ही सहलीला निघाल तेव्हा घरातूनच ठरवून निघा, सामानापाशी कोण बसणार ते. दरवेळी तेच माणूस नको. आणि तुम्ही परत आल्यावर बसलेल्या माणसानं काही विचारलं, तर आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर द्या. मग जेवा.