पाहुण्यांआधी

वस्तीत नवा संडास बांधला, त्याची किल्ली माझ्या सासूच्या गळ्यात होती. तिचा हक्कच होता म्हणा. गुडघे गेलेले, उकिडवं बसता येत नाही, आणि तोवर जायला जागा एकच, मागच्या नाल्याचा काठ. तिथे मी तिला काखेत धरून अर्धवट उभी ठेवायची आणि ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून लाजेनं रडायची. पुन्हा जावं लागू नये म्हणून दुपारनंतर पाण्याचा घोटही घेत नसे. त्यामुळे संस्थेचा माणूस नकाशा घेऊन आला, तेव्हा सगळ्यांसमोर उठून तीच बोलली. एक तरी खुर्चीसारखं बसायचं भांडं पाहिजे, आणि शेजारी धरायला दांडा. बाया तोंडावर हात ठेवून हसल्या. हिने कुणाला भीक घातली नाही.

गवंडी मोठा मिश्कील होता. त्याने विटांच्या थप्पीवर आपलं घमेलं पालथं घातलं, तिला त्यावर बसवलं आणि हात कुठवर पोचतो ते पाहून भिंतीवर खूण केली. सिंहासन तुमच्या मापाचं होणार मावशी, म्हणाला. त्या खुणेवरच दांडा बसला. घरी येऊन तिने मला ऐकवलं, ‘आता तुझी कटकट गेली. माझी मी जाईन.’ तिला एवढंच हवं होतं.

काम संपलं, गवंडी गेला, त्याचं घमेलं आमच्या दारात राहिलं. संस्थेचा माणूस जाता जाता सांगून गेला की उद्घाटनाला मोठ्या मॅडम येतील, तोवर जरा स्वच्छ ठेवा. झालं. आमच्या लोकांना एवढं पुरतं. आमच्याकडे काचेचे कप फळीवर पाहुण्यांची वाट बघत धूळ खातात आणि घरचे कान तुटलेल्या कपातून चहा पितात. वस्तीने ठरवलं, मॅडमच्या आधी संडास उष्टा करायचा नाही.

आणि सगळ्यात कडक कोण, तर माझी सासू. पोट धरून आलेल्या शेजारणीलाही तिने दारातून परत पाठवलं. रोज भिंतीच्या आधाराने जायची, कुलूप काढायची, फरशा कोरड्या फडक्याने पुसायची, दांड्यावरून हात फिरवायची. मग पुन्हा कुलूप लावून माझ्याबरोबर नाल्यावर यायची. माझं डोकं फिरायचं.

‘आई, तुमच्यासाठीच बांधलंय ना ते? बसा की.’

‘पाहुण्यांआधी? एवढाही दम निघाला नाही म्हणतील.’

मॅडमची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे गेली. घोंगडं भिजतच पडलं.

एका सकाळी मी तापाने फणफणले होते. नवरा कामावर गेलेला. सासूने मला उठवलं नाही, एकटीच निघाली. नाल्यावरचा आरडाओरडा ऐकून मी धावले तर ती चिखलात आडवी, पाय वाकडा, कपडे घाण झालेले, आणि गळ्यात किल्ली. तिथून संडासाचं दार दिसत होतं. मला तिचा इतका राग आला की रडायचंही सुचलं नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, झोपवून ठेवा, असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं.

मग मॅडम आल्या. फीत कापली, फरशांमध्ये स्वतःचं तोंड पाहिलं, एवढी निगा कुठे पाहिली नाही म्हणाल्या. फोटोसाठी त्यांनी हाताला साबण लावला आणि नळ सोडला. नळ नुसता खाकरला. साबणाचे हात तसेच धरून त्या उभ्या राहिल्या, शेवटी कुणीतरी घरातला प्यायच्या पाण्याचा तांब्या आणला. टाकीला पाण्याची लाईन जोडलेलीच नव्हती. आजवर कुणाला कळलं नव्हतं, कारण नळही कुणी उष्टा केला नव्हता. गवंडी हाताशी होता तेव्हा एकाने जरी तो सोडून बघितला असता!

पाणीखात्याने हात वर केले. तुमच्या भागाच्या लाईनलाच पाणी पुरत नाही, म्हणाले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लोकांनी काही दिवस बादल्या नेल्या. पण प्यायचं पाणी तिथे कोण किती ओतणार? भांडं तुंबलं, घाण दारापर्यंत आली. माश्यांमुळे पुन्हा कुलूप लावावं लागलं आणि सगळे परत नाल्यावर गेले. मी कुलूप लावून आले तशी सासूने किल्ली मागून घेतली आणि गळ्यात घातली. तुंबल्याचं तिला कुणीच सांगितलेलं नाही. सांगून काय करू?

ती खाटेवरून उठणार नाही, हे मला माहीत आहे. पाणीही तसंच येणार नाही.

‘स्वच्छ आहे ना गं?’ ती रोज विचारते.

‘लख्ख आहे, आई.’

‘आता पाहुणेही येऊन गेले. जरा बरी झाले की माझी मी जाईन.’

मी हो म्हणते. गवंड्याचं घमेलं घेते, तिची कंबर जपून उचलते आणि ते खाली सरकवते. ती किल्ली मुठीत धरते आणि तोंड भिंतीकडे फिरवते.