मला थरथरू द्या

मी एक जुना, लाकूड गरगर फिरवून कातायचा लेथ आहे. जुना म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लगेच भंगार येतं, ठाऊक आहे मला. माझ्या मालकाच्याही येतं.

मित्रांनो, जाड तुळयांवर मला उभं केलं, तेव्हा मी इतका शांत फिरायचो की माझ्याजवळ ठेवलेला चहासुद्धा हिंदकळत नसे. मालक हे येईल त्याला दाखवायचा. पलंगाचे पाय, लाटणी, जिन्याचे गज, सगळं गोल. त्या कौतुकानेच घात केला. आता मी जरा थरथरलो की त्याचा जीव वरखाली होतो आणि तो पाना घेऊन धावतो.

त्याची ताई लाकडी खोकी ठोकते. मनगट मोडल्यापासून तिची पकड सैल झाली आहे. गोल दांड्याची हातोडी मुठीत फिरते आणि घाव अंगठ्यावर बसतो. दुकानातले दांडे तिच्या लहान हाताला जाड पडतात. बेताचा अंडाकृती दांडा मिळाला नाही, तर तिला काम सोडावं लागणार.

अंडाकृती कातायचं म्हणजे लाकूड मुद्दाम मध्यबिंदू सोडून पकडायचं; आधी एका बाजूच्या खुणेवर, मग दुसऱ्या बाजूच्या. मग मी थरथरणारच! मालक खुणा अगदी बरोबर करतो. पण मी थरथरलो की त्याचं धाबं दणाणतं. मला थांबवतो, बोल्ट आवळतो, तेल पाजतो आणि लाकूड पुन्हा मधोमध बसवतो. झालं, पुन्हा गोल दांडा! तीनदा हेच. मी कपाळ बडवून घेतलं असतं, पण मला कपाळही नाही.

"हाही फिरतोय रे हातात," ताई म्हणाली.

"यंत्रच म्हातारं झालंय, ताई. भंगारात काढतो आता."

"आधी माझ्यासमोर चालव. बघू दे."

त्याने लाकूड खुणेवर चढवलं. मी थरथरलो. त्याचा हात बटणाकडे गेला. ताईने तो अडवला आणि माझ्या खालच्या तुळईवर सरळ फतकल मारली.

"थरथरू दे त्याला. मी दाबून धरते. तू तुझी पटाशी सांभाळ."

तिच्या वजनाने मी सावरलो. दोन्ही बाजू कातून झाल्या, कडा घासून झाल्या. ताईने दांडा हातोडीत बसवला आणि खिळा ठोकला. खिळा सरळ आत गेला.

"बघ, बोल्ट आवळले म्हणून जमलं!" मालक म्हणाला.

पुन्हा बोल्टच! बरं झालं, ताईने हातोडी उगारली. "याला भंगारात घातलंस, तर हीच घेऊन येईन."

मित्रांनो, आम्हाला तेल घाला, आमच्यावरचा भुसा झाडा. पण आम्ही थरथरलो तर बटण दाबण्याआधी एवढंच बघा, की काम तुम्ही कसलं सांगितलं आहे.