मागचं पायडल

श्रीधरपंतांच्या पोटात दुखत होतं, आणि त्याला ओवा चालणार नव्हता. कारण नागोराव होता.

त्यांच्या बायकोची, आनंदीबाईंची, दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. कर्वेनगरच्या सोसायटीत त्या पंतांचा दंड धरून फिरत, आणि आपल्यावाचून हिचं पान हलत नाही याचं पंतांना आतून बरंच वाटे. मग हिंजवडीच्या आयटीवाल्यांनी एक सायकल मंडळ काढलं. कुणाला दिसत नाही, कुणाला एक पाय नाही, कुणाला ऐकू येत नाही. सगळ्यांनी मिळून सुट्टीत खेड्यापाड्यांतून सायकली चालवायच्या. न दिसणाऱ्यांसाठी दोघांची लांब सायकल होती. पुढे डोळस माणूस, मागे दुसरा, पायडलं दोघांनाही. आनंदीबाईंच्या पुढे नागोराव बसू लागला. मूळचा यवतमाळचा, चाळिशीचा, कॉम्प्युटरवाला, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. रविवारी मांजरी गावच्या उसातून सराव चाले, आणि घरी आल्यावर बाईंच्या तोंडी नागोरावच.

"अहो, आज बगळे होते म्हणे, ओळीनं उभे."

"बगळेच ते. आणखी काय करणार?" पंत म्हणत.

दिवाळीनंतर मंडळी चंदगडकडे, कर्नाटकाच्या हद्दीवर निघाली. पंत हट्टानं राखीव चालक म्हणून गेले. पहिला दिवस त्यांनी सामानाच्या टेंपोत काढला. पुढून नागोरावचा आवाज येई, "काकू, डावीकडे पाहा, काजूची बाग! पाट्या कानडीत लागल्या, आपण परमुलखात आलो बाप्पा!"

आंधळ्या बाईला पाहा म्हणतो, शहाणा! आणि ही मान वळवून हसतेय! आपल्याशी बोलताना ती अशी कधी हसली होती, ते पंतांना आठवेना. त्यांचा नुसता जळफळाट झाला.

मुक्कामावर त्यांनी नागोरावला बाजूला घेतलं. "आपलं बोलणं जरा जास्त होतं. तिचं डोकं दुखतं. तोंडावर नाही सांगायची ती."

नागोरावचा चेहरा पडला. "चुकलंच माझं, काका. उद्या तुम्हीच बसा पुढे."

सकाळी पंत ऐटीत पुढे बसले. तरुणपणी याच आनंदीला कॅरिअरवर घेऊन त्यांनी मंडईपासून पर्वतीपर्यंत पुणं पालथं घातलं होतं. त्यांना काय सायकल शिकवता?

"काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"ऊस."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "आता?"

"ऊसच. आणि तू पाय नको मारूस, आरामात बस. मी नेतोय ना."

बाईंचे पाय चालूच राहिले.

मग चढ लागला. पंतांना धाप लागली, सायकल डुलू लागली, आणि त्यांच्या तोंडून जुन्या सवयीनं निघून गेलं, "उतर गं, चढ आला."

पुण्यात चढ आला की बायको उतरायची, चालत वर यायची, पुन्हा बसायची. संसारभर असंच चाललं होतं आणि त्यात काही चुकतंय असं पंतांना कधी वाटलं नव्हतं.

सायकल थांबली. दोघांनी पाय टेकले, पण बाई जागच्या हलल्या नाहीत.

"चढासाठीच तर आलेय मी," त्या म्हणाल्या. "जन्मभर कॅरिअरवर बसले. आता तुम्ही उतरा. नागोरावांना बोलवा."

नागोराव आला, बसला, पण तोंड मिटून.

"आज गप्प का हो?" बाईंनी विचारलं.

नागोरावनं पंतांकडे पाहिलं. पंतांनी मनात चार सबबी चाळल्या. एकही चालण्यासारखी नव्हती.

"मी सांगितलं त्यांना, तुझं डोकं दुखतं म्हणून," ते म्हणाले. "खोटंच. मला पाहवत नव्हतं."

बाईंनी मागचं हँडल घट्ट धरलं. मग म्हणाल्या, "चला नागोराव. काय दिसतंय ते सांगा." आणि त्यांनी पायडलावर भार टाकला.

सायकल वर निघाली. वळणावर पंतांना त्या दिसल्या. घामाघूम, लालबुंद, नागोरावपेक्षा जास्त जोर लावत होत्या, आणि हसत होत्या. पंतांच्या पोटात पुन्हा दुखलं. या वेळी नागोरावचा हेवा नव्हता. आनंदीचाच होता.

सामानाचा टेंपो शेजारी येऊन थांबला. "बसा की काका," ड्रायव्हर म्हणाला, "चढ हाय."

"असू दे," पंत म्हणाले, आणि चालत वर निघाले.