काजळी एडक्यापुढं

कुत्र्याला माणसांची भीती वाटली तर चालतं. पण धनगराच्या कुत्र्याला मेंढरांची भीती वाटायला लागली, तर ते नुसतं भाकरीला भार होतं. हे म्हणणं माझं नाही, माझ्या नवऱ्याचं, बाबासोचं. तोंडावर मी त्याला कारभारी म्हणते. मनात काय म्हणते ते सांगत नाही.

दर साली दिवाळी झाली की आम्ही मेंढरं घेऊन घाट उतरतो आणि कामोठ्यात जानूच्या रानात मुक्काम टाकतो. पूर्वी त्याच्या भातशेतात मेंढरं बसवायची ती खतासाठी. आता जमीन सिडकोकडे गेलीय, नांगर लागायचा थांबलाय, आणि एका अंगानं मुरमाचा भराव पुढे पुढे सरकत येतोय. खत घालून तिथं उगवणार काय, बाभळी? तरी जानू दिवाळीला निरोप धाडतो. त्याच्या बापानं बोलावलं, म्हणून तोही बोलावतो. असली माणसं मला आवडतात.

आमच्या काजळी कुत्रीची आई घाटात बिबट्यानं नेली, तेव्हा हिचे डोळेही नीट उघडले नव्हते. मी तिला बाटलीनं दूध पाजलं. मोठी झाली तशी वाऱ्यासारखी पळायची, कळपाला नुसती आडवी गेली की मेंढरं वळायची. यंदा उतरताना मात्र घात झाला. पाण्यावर गर्दी झाली, आमचा एडका बिथरला आणि त्यानं तिला शिंगांनी दगडाशी दाबलं. बरगडी मोडली. ती सांधली, पण कुत्रीचं धाडस गेलं ते गेलंच. पुढं कळंबोलीला हमरस्ता ओलांडताना मेंढरं उधळली. काजळीनं धावायचं, तर ही शेपूट पायांत घालून खाली बसली. दोन कोकरं ट्रकखाली गेली. कारभाऱ्यानं ती आपल्या हातानं उचलली, आणि त्या दिवसापासून काजळीला भाकरी टाकायची सोडली. मी टाकत होते.

चैत्रात जानूच्या गावदेवीची जत्रा. यंदा गावच्या मंडळानं आसपास उतरलेल्या धनगरांच्या कुत्र्यांची शर्यत ठेवली. मैदानाच्या एका टोकाला मेंढरं सोडायची, कुत्र्यानं ती गोळा करून दुसऱ्या टोकाच्या वाघरीत घालायची. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची आमची जाळी. मेंढरं मात्र दुसऱ्याच्या कळपातली. कुत्र्यानं रक्त काढलं की बाद. धनी चुन्याच्या रेघेमागे उभा राहणार, एकदा कुत्रं सोडलं की त्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी तोंड उघडायचं नाही.

"शर्यतीत मेंढरं आत घातली तर येऊ दे आपल्यासंगं घाट चढून," कारभारी म्हणाला. "न्हाईतर खदानीवरचा सिताराम मागतुया, त्येला देऊन टाकू. बसल्या जागी भुकंल तितं."

उलव्याकडच्या त्या खदानीवर मी एकदा गेले होते. सितारामचं पहिलं कुत्रं पाइपाला बांधलेलं होतं. साखळी पोचेल तेवढी जमीन गोल झिजली होती, आणि कुत्र्याच्या गळ्यावर केस उरला नव्हता. सिताराम वाईट माणूस नाही, त्याला राखण करणारं जनावर हवं होतं एवढंच. पण माझ्या काजळीला त्या गोलात मी बसू देणार नव्हते. कारभाऱ्याशी दोन दिवस बोलले नाही, मग कामाला लागले.

आधी आईविना राहिलेली कोकरं घेतली. त्यांच्यात तिला झोपवलं. कोकरं तिच्या अंगावर चढायची, कान चोखायची. ती डोळे मिटून थरथरत पडायची. हळूहळू थरथर गेली. मग एक म्हातारी मेंढी घेतली, दात पडलेली, गरीब. मी काजळीच्या बाजूनं चालायची, ती दोन पावलं पुढं टाकायची, मेंढी वळायची, की मी तिच्या मानेवर हात फिरवायची. मग तीन मेंढ्या, मग पाच. काजळीची शेपूट वर यायला लागली. मला तर जग जिंकल्यासारखं वाटलं.

कारभारी बाभळीखाली बसून हे रोज बघायचा. एके दिवशी विडी विझवून म्हणाला, "सखे, कुत्री न्हाई वळवत. तूच वळवतीयास."

"मी? मी तर तिच्यामागनं गप चालतीया!"

"जीभ बघ तुजी."

मी परत करून बघितलं. काजळी पुढं झाली, आणि माझ्या टाळूवर जीभ आपोआप वाजली, टक्, टक्. लहानपणापासूनची सवय. श्वास घेतलेला कळत नाही तसं हे आम्हाला कळत नाही. आमची मेंढरं त्या आवाजाला वळत होती, आणि काजळी बिचारी समजत होती की आपणच वळवलं. मला इतका राग आला! नवऱ्याचा आला, कारण तो खरं बोलला होता.

त्यानंतर मी पदराचा बोळा तोंडात धरून चालायला लागले. पहिल्या दिवशी मेंढ्या जागच्या हलल्या नाहीत. काजळी पुढं गेली, थांबली, मागं वळून माझ्याकडे बघत राहिली. आवाज कुठाय, असं विचारत होती. मला रडू आलं, पण बोळा काढला नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी तिनं एकदा स्वतःच्या बळावर तीन मेंढ्या वळवल्या. एकदाच. एडका कळपात असला की मात्र ती जवळसुद्धा जायची नाही. तेवढ्यावर जत्रा आली.

मैदान म्हणजे भरावाचाच सपाट तुकडा. एका बाजूला माणसं, दुसऱ्या बाजूला उतार आणि उताराखाली हमरस्ता, ट्रकांची रांग. जानू भोंगा घेऊन उभा. सिताराम पुढच्याच रांगेत होता. मला बघून हसला, मी तोंड फिरवलं.

"सकूबाय, तुजी कुत्री आन," जानू म्हणाला. "कोनी तोंड उघरला त बाद हाय. मंग मना बोलू नका."

मी रेघेमागे उभी राहिले. कारभारी माझ्या बाजूला, हाताची घडी घालून. समोर मेंढरं सोडली. त्यांच्यात एडका होता. आमच्यापेक्षाही दांडगा, शिंगांना दोन वेढे.

मी काजळीच्या पाठीवर थाप मारली. ती निघाली. अर्ध्या वाटेत तिला एडका दिसला आणि ती थबकली. मेंढरं उताराकडे सरकायला लागली. काजळीनं मागं वळून माझ्याकडे बघितलं.

तिच्या डोळ्याला डोळा मिळाला असता तर ती तिथंच बसली असती. मी मान खाली घातली. चुन्याच्या रेघेकडे बघत राहिले, जीभ दातांखाली दाबून. लोक ओरडले तेव्हा वर बघितलं. काजळी धावत होती! उताराच्या कडेनं गोल वळसा घालून ती मेंढरांना आडवी गेली, पुढची मेंढी थांबली, वळली, आणि सगळा घोळका तिच्यामागे वळला. माझ्या तोंडून आवाज नाही, टाळ्या नाहीत, काही नाही. तिचं तिनं केलं.

मेंढरं वाघरीच्या तोंडाशी आली. एक आत, दोन आत. आणि एडका फिरला. तो दारात आडवा उभा राहिला, मान खाली घातली, पुढचा पाय जमिनीवर आपटला. काजळी पोटावर बसली. तिच्या मागं वाघरीचा दगड होता, जाळी ताणायला ठेवलेला. मला ते पाणी आठवलं, तिचं केकाटणं आठवलं. एडका दोन पावलं मागं सरला. धडक द्यायच्या आधी ते असेच मागं सरतात.

"काजळेऽऽ! माघारी फिर! मरशील गं!"

मी हातानं स्वतःचं तोंड चाचपलं. मिटलेलं होतं. ओरडला होता तो कारभारी. रेघ ओलांडून दोन पावलं पुढं गेलेला, हात पसरलेले, तोंड पांढरंफटक.

काजळीचा एक कान मागं वळला. तिनं ऐकलं होतं. पण ती आली नाही. एडका धावून आला तशी ती अंग चोरून बाजूला झाली, त्याचं शिंग दगडावर आपटलं, आणि तो डोकं झटकत वळायच्या आत ती त्याच्या तोंडापुढं उभी होती, दात दाखवत, गुरगुरत. चावली नाही. हललीही नाही. एडक्यानं तिच्याकडे बघितलं, फुत्कार टाकला, आणि फिरून जाळीत गेला. उरलेली मेंढरं त्याच्यामागून गेली.

जानूनं भोंगा तोंडाशी नेला, खाली केला, परत नेला. आमच्याकडे न बघता म्हणाला, "बाबासो बोलला. बाद."

मला कारभाऱ्याचा गळा धरावासा वाटला. इतके दिवस मी पदर चावला, आणि बोंबलला कोण, तर ज्यानं तिला भाकरी टाकली नाही तो! तो जाळीशी जाऊन गुडघ्यावर बसला होता. दोन्ही हातांनी काजळीच्या बरगड्या दाबून बघत होता, मोडलेली, न मोडलेली, सगळ्या. ती त्याचं तोंड चाटत होती.

सिताराम पुढं आला. "बाबासो, बोलनं झालेलं आपलं. न्हेऊ का मग?"

कारभारी उठला नाही. "हरलो ते मी," तो म्हणाला. "ती न्हाई. बांदायचंच आसंल तर मला न्हेऊन बांद."

सितारामनं माझ्याकडे बघितलं. रागानं बोलायचं मनात होतं, पण डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं.

"नगं न्हेऊ दादा," मी म्हटलं, "ह्येला खायाला लई लागतं."