जयलक्ष्मीबाईंचा खांदा

माझा मत्सर मी कधी लपवला नाही. लपवायला तो चोरीचा माल थोडाच होता? माझा नवरा दर रविवारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हुबळीहून धारवाडला एका विधवा बाईकडे जात होता आणि कुणी विचारलं की सांगत होता, "बाईंच्या रायफलीला दारू जुळवायची आहे." हे ऐकून जिच्या अंगाचा तिळपापड होणार नाही ती बाई नव्हे, देव्हाऱ्यातली मूर्ती.

आमचं दाजीबानपेठेत बंदुकांचं दुकान, सासऱ्यांनी काढलेलं. ही गोष्ट साठ सालानंतरची. विलायती काडतुसं येईनाशी झाली होती आणि जुन्या मोठ्या रायफली लोकांनी भिंतीला टांगून ठेवल्या होत्या. जयलक्ष्मीबाईंचे यजमान भीमसेनराव अळणावरकडे लाकडाची कंत्राटं घेत. ते गेले आणि मागे एक रायफल राहिली, साहेबाच्या काळातली, नळीत माझा अंगठा सहज जाईल एवढी. बाईंनी परवाना रीतसर आपल्या नावावर करून घेतला आणि एक दिवस दुकानात येऊन म्हणाल्या, "पद्मनाभराव, मला ती झाडायचीय. जनावर नको मारायला, नुसते डबे. पण ती लाथ मारती हो म्हशीसारखी. काहीतरी हलकं भरून द्या की."

सगळं हुबळी-धारवाड माझ्या नवऱ्याला अण्णा म्हणतं. भाजीवाली अण्णा म्हणते, मामलेदार अण्णा म्हणतो. ही एकटी म्हणे पद्मनाभराव. मी दुकानात मागच्या खोलीत बसले होते, तिथूनच मला ते टोचलं.

दारू थोडी कमी घातली की झालं, यात दर रविवारी जाण्यासारखं काय आहे, असं मी विचारलं. तर जेवताना मला अख्खं शास्त्र ऐकावं लागलं. ती रायफल काळ्या दारूसाठी घडवलेली. काडतुसाचं नळकांडं काळ्या दारूनं भरलं तर धक्का बसतो आणि अर्धं भरलं तर मध्ये पोकळी राहते. काळ्या दारूवर पोकळी ठेवली तर नळी फुगायची भीती. मग यांनी छऱ्याच्या काडतुसातली, झटकन जळणारी दारू घेऊन पाहिली. ती चिमूटभरच लागते. पण त्या लांब नळकांड्यात चिमूटभर दारू म्हणजे कणगीत मूठभर ज्वारी, कधी मागे ठिणगी पाडणाऱ्या टोपीजवळ घरंगळते, कधी पुढे गोळीजवळ. एक बार फुसका, दुसरा दणदणीत.

"आणि चुकून दोनदा घातली तरी वरून कळत नाही," हे म्हणाले. "मग रायफल जाते आणि माणूसही जातं."

"जाऊ दे की," मी म्हणाले. यांना ते ऐकूच गेलं नाही.

ती दारू जागच्या जागी दाबून धरायला वर मऊ काहीतरी हवं होतं. त्यासाठी माझ्या माहेरच्या उशीची शिवण उसवून यांनी सावरीचा कापूस काढला. माझ्या आईनं स्वतः भरलेली उशी! बाईंच्या खांद्याला त्रास नको म्हणून माझ्या डोक्याखालचा कापूस गेला. मी दोन दिवस बोलले नाही. तेही यांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

शेवटी दुकानाच्या माळ्यावर जुन्या साठ्यातला एक सीलबंद डबा सापडला. पोह्यासारखी फुगीर, हलकी दारू. थोडीच घातली तरी नळकांडं बरंच भरतं आणि दोनदा घालायला गेलं तर सांडून बाहेर येते, म्हणजे चूक डोळ्यांना दिसते. लग्नात दिसले नव्हते इतके हे त्या दिवशी खूश दिसले. पण रविवारी धारवाडहून परत आले ते तोंड पाडून.

"अजून लागतं गं त्यांना."

मग पुढच्या रविवारी आणखी थोडी कमी, त्याच्या पुढच्या रविवारी गोळी बदलून. प्रत्येक वेळी तेच. बाईंचा खांदा दुखतोच. आमच्या घरात उठता-बसता त्या खांद्याची चौकशी. माझं कपाळ ठणकत असलं तर मला अमृतांजनची बाटली कुठे आहे ते सांगितलं जाई, बस्स.

"तुम्हाला लागतं का?" मी एकदा विचारलं. कारण सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, घालून दिलेला नियम होता, ज्यानं काडतूस भरलं त्यानंच पहिला बार काढायचा. दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी स्वतःच्या गालाशी लावायचं. हे तो नियम सोवळ्यासारखा पाळत.

"माझ्या खांद्याला काय कळतंय?" हे म्हणाले. "अप्पांनी लहानपणापासून ठोकून ठोकून त्याचा दगड करून ठेवलाय. बाईमाणसाचं निराळं."

बाईमाणूस मीही होते. मग मी ठरवलं, पुढच्या रविवारी आपणही जायचं.

जयलक्ष्मीबाई दारातच उभ्या होत्या. कपाळ मोकळं, पण अंगावर करकरीत इरकल. मला बघून क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, मग म्हणाल्या, "या की विमलाक्का, लै बरं झालं." मंडक्की, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि मिरचीभजी तयार होती. यांना मिरची कमी तिखट लागते, हे तिला ठाऊक होतं. माझ्या पोटात जे दुखलं ते मिरचीनं नव्हे.

गावाबाहेर दगडाची जुनी, सोडून दिलेली खाण होती. समोर उंच कडा, त्याच्या पायथ्याशी डालड्याचे डबे मांडलेले. यांनी सपाट दगडावर पंचा पसरला, तराजू आणि दारूचा डबा काढला, तेव्हा मी पदर खोचून पुढे झाले.

"आज मी भरणार."

"तू?"

"घरी रोज बघते ते काय डोळे मिटून?"

यांना आनंद झाला. मनापासून झाला, खोटं का बोलू. जवळ बसून माझ्या हाताकडे बघत राहिले, मी तोललेली दारू पुन्हा स्वतः तोलून पाहिली, गोळी बसवताना "सावकाश, सावकाश" म्हणाले. इतक्या वर्षांत एवढा वेळ माझ्या हातांकडे त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मग पहिला बार हिचा," हे म्हणाले.

"नको, नको!" जयलक्ष्मीबाई एकदम बोलल्या. "विमलाक्कांना लागंल. सुम्मने, उगीच कशाला? तुम्हीच काढा की, पद्मनाभराव."

"नियम म्हणजे नियम, बाई."

बाईंचा आवाज मला विचित्र वाटला. माझी काळजी तिला कधीपासून? मी रायफल उचलली. जड होती, नळी खालीच जायला बघत होती. यांनी मागून कोपर वर धरलं, दस्ता खांद्यात नीट बसवून दिला. मी दात आवळले, म्हशीच्या लाथेची वाट बघत चाप ओढला.

ठप्प. एवढंच. कुणी दारातून आत सरकताना जरासा धक्का लागावा तसं. डबा जागचा हलला नाही, कड्यावर थोडी धूळ उडाली. मी अजून दात आवळूनच उभी होते, पण लाथ आलीच नाही.

आणि मला सगळं कळलं. मी वळून बघितलं. जयलक्ष्मीबाई इरकलीचा काठ बोटाला गुंडाळत खाली बघत होत्या. महिनोन्‌महिने त्यांना काहीही लागलं नव्हतं. लागतं म्हटलं की रविवार येत होता.

"लागलं?" यांनी विचारलं. किती काळजीनं विचारलं! याच आवाजाचा मी सहा महिने हेवा करत होते. जयलक्ष्मीबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हात जोडले नाहीत एवढंच.

"छे," मी म्हणाले. "काही म्हणता काही लागलं नाही. शाळकरी पोरीनंही झाडावी."

"बघा!" हे ओरडलेच. "जुळली! दारू जुळली, बाई!" मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. माझा नवरा खोटं बोलत नाही, त्यामुळे दुसऱ्याचं खोटं त्याच्या डोक्यात शिरत नाही. "पण मग तुम्हाला लागतं म्हणजे दोष दारूचा नव्हे. खांद्यातच काहीतरी आहे. डॉक्टरला दाखवा बाई, हयगय करू नका."

"दाखवते," त्या म्हणाल्या. उरलेली काडतुसं त्यांनी झाडली नाहीत. निघताना "येत जा" असंही म्हणाल्या नाहीत.

मी जिंकले होते. बसमध्ये खिडकीची जागा यांनी मला दिली, आणि हुबळी येईपर्यंत स्वतःचाच खांदा दाबून दाबून बघत राहिले.

पुढच्या रविवारी हे घरीच होते. मी मंडक्की केली, मिरची बेतानं घातली, समोर बसून वाढली. सहा महिन्यांनी एका रविवारी माझा नवरा माझ्या समोर, माझ्या हातचं खात बसला होता.

"अगं," हे म्हणाले, "इतक्या हलक्या बारानंही दुखतं म्हणजे हाडाला चीर तर नसेल ना गेली? दाखवलं असेल का त्यांनी?"

मी पळी खाली ठेवली.

"माझाही दुखतोय," मी म्हणाले. "उजवा. त्या दिवसापासून."

"तुझा?" त्यांनी मान वर केली. "तुला तर काही लागलं नाही म्हणालीस की." आणि मंडक्कीचा घास घेऊन ते पुन्हा विचारात पडले.