सईच्या वहीतली पाच वाक्यं

माझ्या सुनेचं, राजलक्ष्मीचं, वागणं मला पटलेलं नाही. तिला इंग्रजी वाचता येतं. नातीच्या वहीत काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं. तरी मी ती वही पिशवीत घालून खालच्या मजल्यावर दुर्गाबाईंच्या हळदीकुंकवाला निघाले, तेव्हा "आत्या, वही कशाला?" एवढंच म्हणाली. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. मी म्हटलं, "नातीचं कौतुक करायला. तुला तर ते जमत नाही."

माझी नात सई तिसरीत. मीही तिसरीपर्यंतच शिकले, तेही साताऱ्याकडं. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. पण लाल तारा कळतो. घरातल्या माणसांवर इंग्रजीत साधी पाच वाक्यं लिहायची होती आणि बाईंनी भला मोठा तारा काढला होता.

दुर्गाबाईंची सून ऋता ऐरोलीत कॉम्प्युटरवर कामाला. वही तिच्यापुढं धरली. "मोठ्यानं वाच, आणि मराठीतही सांग. सगळ्यांना कळू दे."

"माय फादर ड्राइव्ज अ टेम्पो. बाबा टेम्पो चालवतात." बायका कौतुकानं हसल्या. "माय मदर कुक्स. आई स्वयंपाक करते." मग ती थांबली.

"अडलं का गं? एवढी शिकलेली तू."

तिनं मान खाली घालून उरलेलं नुसतं मराठीतच सांगितलं. आजी ओरडते. आई बाथरूममध्ये रडते. मी टीव्हीचा आवाज वाढवते.

दुर्गाबाईंनी वाणाची डबी माझ्या हातात दिली. "पोरं काय, काहीही लिहितात हो." त्यांनी सांभाळून घेतलं, त्यानंच जास्त लाज वाटली. लिफ्टमध्ये बायका असतील म्हणून जिन्यानं वर आले.

राजलक्ष्मी पोळ्या लाटत होती.

"तू वाचलं होतंस?"

"वहीवर पालकांची सही मीच केलीय, आत्या."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही ओरडला असता."

मी तोंड उघडलं आणि सोफ्यावर बसलेल्या सईनं रिमोट उचलला. माझ्याकडं न बघता, सवयीनं.

मी खुर्चीत बसले. माझा आवाज खाली आणायला वेळ लागला.

"राजलक्ष्मी, पोरीनं खरं लिहिलंय. पण ते चार बायकांत ऐकायला तू मला पाठवलंस, हा हलकटपणा झाला. आता मी ओरडले की बाथरूममध्ये जायचं नाही. इथं माझ्यासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, आत्या, बास."